पुतळा कोणाचा हे रंगाऱ्याला विचारू नका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, काही चुकलं तर सांगा. चर्चची रंगरंगोटी निघाली आहे आणि समितीने पुतळ्यांची यादी करायचं काम तुमच्या गळ्यात घातलं आहे. बाजूच्या वेदीवर एका तरुण स्त्रीचा लाकडी पुतळा आहे. डोक्यावर मुकुट, उजव्या हातात तलवार, डावा हात मनगटापासून गेलेला, पायाशी काहीतरी गोलसर तुटका तुकडा. कोणी म्हणतं संत कॅथरीन, कोणी म्हणतं संत बार्बरा, आणि गावातल्या म्हाताऱ्या वर्षानुवर्षं तिला मरियामाता समजून मेणबत्त्या लावतात. रंगारी विचारतोय, झगा निळा करू का. शिवाय पवित्र भाकर ठेवायच्या पेटीच्या, म्हणजे टॅबरनॅकलच्या, दारावर छाती फोडून घेणारा एक ‘हंस’ आहे आणि प्रवचनपीठावर पंखवाले चार जण. तुम्हाला हवी आहे चिन्हं आणि त्यांचे अर्थ यांची एक यादी.

यादी देता येईल, पण तिने तुमचं काम भागायचं नाही. तलवार बघितली तर यादीत पाच-सहा संत निघतील, मुकुट बघितला तर त्याहून जास्त. ब्रश लागण्याआधी काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने बघायचं, हे तुम्हाला कळायला हवं. मी २२ वर्षं चर्चमधल्या जुन्या पुतळ्यांची आणि चित्रांची डागडुजी करते आहे, त्या सवयीतून सांगते. पुतळा समोर नसताना काही गोष्टी अधांतरीच राहणार, त्या जिथे तशा आहेत तिथे सांगेन.

मी सुरुवात हातांपासून करते, चेहऱ्यापासून कधीच नाही. संतांचे चेहरे कारागिरांनी एका साच्यातून काढल्यासारखे केलेले असतात, विशेषतः एकोणिसाव्या शतकात प्लास्टरचे पुतळे कारखान्यात घाऊक बनायला लागल्यापासून. ओळख हातातल्या वस्तूत असते. किल्ल्या असल्या की पेत्र, तिरकी फुली असलेला क्रूस असला की आंद्रे, लोखंडी जाळी असली की लॉरेन्स, ताटात डोळे असले की लुसी, चिमट्यात दात धरला असेल तर अपोलोनिया. ज्या छळाने किंवा ज्या घटनेने त्या माणसाची कथा घडली, ती वस्तू त्याने ओळखपत्रासारखी धरलेली असते. पण हातच नेमके बाहेर आलेले असतात, त्यामुळे पहिले तेच मोडतात. मग कुणीतरी नवा हात बसवतो आणि त्या हातात दुकानात मिळेल ते देतो. म्हणून वस्तू दिसली की माझा पुढचा प्रश्न असतो: ही मूळची आहे का? सांध्याची रेघ, लाकडाच्या रेषांची दिशा, मनगटाशी भरलेली वेगळी लांबी, म्हणजे पुट्टी, खुंटीचं भोक, हे बघा. तुमच्या पुतळ्याच्या उजव्या हातातली तलवारसुद्धा याच नजरेने तपासा.

हातानंतर पाय. पायाशी जे असतं ते सहसा मूळच्याच लाकडात कोरलेलं असतं, त्यामुळे ते हातातल्या वस्तूपेक्षा जास्त खरं बोलतं. तुमच्या बाबतीत सगळा निकाल त्या गोलसर तुकड्यावर आहे. कॅथरीन असेल तर ते चाक. अलेक्झांड्रियाच्या या राजकन्येने बादशहाच्या पन्नास पंडितांना वादात हरवलं, तिच्यासाठी धारदार चाक बनवलं तर तेच मोडून पडलं, आणि शेवटी तलवारीने तिचा शिरच्छेद झाला, अशी कथा. मुकुट राजघराण्याचा, चाक मोडकं, तलवार शेवटची. तेव्हा तुकड्यावर आऱ्यांच्या खुणा किंवा कडेला वाकड्या पात्यांचे दाते दिसतात का पाहा. बार्बरा असेल तर तो बुरूज. बापाने तिला बुरुजात कोंडलं आणि तिने तिथे दोनाऐवजी तीन खिडक्या करून घेतल्या, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या पवित्र त्रैक्यासाठी. तेव्हा विटांच्या रेघा किंवा खिडकीची कमान दिसते का पाहा. तिचाही शिरच्छेदच झाला, म्हणून तलवार तिलाही चालते, मुकुटही चालतो. तुमच्या समितीत वाद का होतोय ते कळलं ना? दोन्ही बाजूंकडे पुरावा आहे.

तुम्ही लिहिलंय ते जसंच्या तसं धरलं, तर माझा कौल कॅथरीनकडे. बुरुजाचं बूड बहुधा सपाट उभं असतं, चाकाचा तुकडा आडवा किंवा कलता पडलेला असतो. पण हा दूरवरून दिलेला कौल आहे.

यातच आणखी एक गोष्ट येईल, म्हणून आधीच सांगून ठेवते. कोणीतरी म्हणेल, ‘या दोघींची नावं चर्चने काढून टाकली, पुतळाच हलवा.’ १९६९ साली कॅथलिक चर्चची सणांची सार्वत्रिक दिनदर्शिका सुटसुटीत करताना दोघींचे सण तिच्यातून गेले हे खरं. पण दिनदर्शिकेतून जाणं म्हणजे संतपद जाणं नव्हे. बार्बराचं नाव रक्तसाक्ष्यांच्या, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेल्यांच्या, अधिकृत नोंदीत आजही आहे, आणि कॅथरीनचा सण तर २००२ साली ऐच्छिक म्हणून परत आला.

आता पाठ बघा. लाकडी पुतळे बऱ्याचदा मागून पोखरलेले असतात, कारण पूर्ण ओंडका ठेवला तर वाळताना तडकतो. पाठ पोखरलेली आणि ओबडधोबड असेल तर पुतळा कोनाड्यासाठी केला होता, म्हणजे तो आज आहे तिथलाच किंवा तशाच जागेतला. पाठ नीट कोरलेली आणि रंगवलेली असेल तर तो मिरवणुकीतही निघत असावा. यावरून कोणाचा पुतळा ते कळत नाही, पण त्याच्या शेजाऱ्यांकडे किती लक्ष द्यायचं ते कळतं. कोनाड्यातला पुतळा समोरच्या कोनाड्यातल्या पुतळ्याशी जोडीने उभा असतो. समोर लुसी किंवा अ‍ॅग्नेस असेल तर ही रक्तसाक्षी कुमारिकांची जोडी. समोर मरियेचा पती संत जोसेफ असेल तर मात्र थांबा: त्या जागी मूळची मरिया असण्याची शक्यता बरीच आहे, आणि तुमची राजकन्या दुसरीकडून आली असेल. कदाचित म्हाताऱ्यांच्या मेणबत्त्या त्या जुन्या मरियेसाठीच असतील. जागा तीच, सवय तीच, पुतळा मात्र बदललेला.

हे सगळं झाल्यावर, सर्वात शेवटी रंग.

रंगांबद्दल एक गोंधळ मला सगळीकडे भेटतो. धर्मगुरूंच्या उपासनावस्त्रांचे रंग नियमाने ठरलेले आहेत: पांढरा, लाल, हिरवा, जांभळा आणि ठरावीक प्रसंगी आणखी एक-दोन. त्यावरून लोकांना वाटतं की पुतळ्यांचे रंगही असेच कुठेतरी लिहिलेले असणार. तसं पुस्तक नाही. चित्रं-पुतळ्यांचे रंग परंपरेने आणि बऱ्याचदा पैशाने ठरले. मरियामातेचा निळा घ्या. मध्ययुगात उत्तम निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतल्या राजावर्त दगडापासून बनायचा आणि अतिशय महाग पडायचा, म्हणून तो चित्रातल्या सर्वांत मोठ्या मानाच्या व्यक्तीच्या अंगावर जायचा. पण लूर्दच्या १८५८ च्या दर्शनातली मरिया पांढऱ्या झग्यात आहे, निळा फक्त कमरेचा पट्टा. कार्मेलची मरिया तपकिरी वस्त्रात. आणि निळा झगा घातलेल्या संत स्त्रिया चित्राचित्रांतून ढिगाने सापडतात. म्हणजे निळा असला तर मरिया असेलच असं नाही, आणि निळा नसला तर ती नाहीच असंही नाही.

पण उलटं मात्र होतं, आणि भीती त्याचीच आहे: झगा निळा केला की लोक तिला मरिया म्हणायला लागतात. तुमच्या रंगाऱ्याचा साधा प्रश्न म्हणजे एका संत स्त्रीचं नाव बदलायचा प्रस्ताव आहे. अंदाजाने सांगते, तुमच्या म्हाताऱ्यांचा समजही अशाच एखाद्या जुन्या रंगाच्या डब्यातून आला असेल. काखेत, वस्त्राच्या खोल चुण्यांत, मुकुटाच्या खालच्या कडेला भिंग घेऊन बघा. नंतरचे हात तिथे पोहोचत नाहीत. रंग जिथे आपणहून उडालाय तिथे कडेला थर दिसतात, मोजा. खरवडून बघायचा मोह आवरा.

का, ते माझ्याच एका चुकीवरून सांगते. शिकाऊ होते तेव्हा काळ्या झग्यातल्या एका धर्मभगिनीचा पुतळा माझ्याकडे आला. कपाळावर मधोमध एक खळगा. मी तो पोपडा उडालेला समजून लांबी भरली, पॉलिश पेपरने घासली, त्वचेचा रंग इतका जुळवला की माझ्या गुरूंनाही दिसला नसता. पुतळा परत गेला. दुसऱ्या दिवशी एका आजीने निरोप पाठवला, ‘रीताची जखम कुठे गेली?’ काशियाच्या संत रीतेच्या कपाळावर काट्याची जखम असते, ती हीच तर तिची खूण. मी तिचं ओळखपत्रच बुजवलं होतं. तेव्हापासून खळगा, भोक, डाग यांतलं काहीही दिसलं तर आधी विचारते की ही मोड आहे की कथा. संत रॉकच्या मांडीवरचा व्रण, फ्रान्सिसच्या तळहातांवरची भोकं, थकव्याने डोळे जड झालेल्या दिवशी सगळं ‘दुरुस्त’ होऊ शकतं.

आता तुमचा हंस. तो पाणकोळी आहे, ज्याला आपण पेलिकन म्हणतो. जुनी समजूत अशी की पिल्लं उपाशी मरायला लागली की आई चोचीने स्वतःची छाती फोडते आणि रक्तावर त्यांना जगवते. पक्षिशास्त्रात याला आधार नाही, आणि कोरणाऱ्यांनी बहुतेक वेळा तो पक्षी आयुष्यात पाहिलेलाही नसे. म्हणून चोचीखालची पिशवी गायब असते आणि तो कधी हंसासारखा, कधी गरुडासारखा दिसतो. खाली घरटं आणि तोंड उघडलेली पिल्लं, बहुधा तीन, दिसली की शंका मिटली.

पण ‘पेलिकन म्हणजे ख्रिस्ताचा त्याग’ एवढं लिहून थांबलात तर निम्मंच वाचलंत. तो कुठे आहे ते बघा. ज्या पेटीत ख्रिस्ताचं शरीर म्हणून पवित्र भाकर ठेवतात, तिच्या दारावर. आईने आपल्या रक्तावर पिल्लांना पोसलं, ही गोष्ट त्या दारावर असली की ती आतल्या गोष्टीबद्दल बोलते. हाच पक्षी थडग्यावर कोरला तर बोलणं वेगळं होईल. चर्चमधली चिन्हं शब्दकोशातल्या शब्दांसारखी सुटी राहत नाहीत, वाक्यातल्या शब्दांसारखी जागेवर बसून अर्थ देतात. क्रुसाच्या पायथ्याशी कवटी असते तिचंही तसंच. तिथे ती आदामाची: पहिला माणूस जिथे पुरला तिथेच क्रूस उभा राहिला अशी जुनी परंपरा. तीच कवटी मग्दालेना मरियेच्या हातात आली की ती मरणाचं स्मरण आणि पश्चात्ताप. वस्तू एकच, पत्ता वेगळा.

प्रवचनपीठावरचे चार जण सोपे आहेत, पटकन उरकते: पंख असलेला माणूस मत्तय, सिंह मार्क, बैल लूक, गरुड योहान. मूळ बायबलमधल्या यहेज्केलच्या दर्शनात आणि प्रकटीकरणाच्या पुस्तकात. जिथून शुभवर्तमान समजावलं जातं तिथे शुभवर्तमानकार, यात कोडं काही नाही. गंमत एवढीच की ही वाटणी आधीपासून अशी नव्हती. दुसऱ्या शतकात इरेनियस या बिशपने सिंह योहानाला दिला होता आणि गरुड मार्कला. पुढे बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या संत जेरोमची वाटणी रूढ झाली. त्यामुळे फार जुनं काही हाती आलं तर अदलाबदल दिसू शकते. तुमच्याकडे तशी भीती नाही. मात्र माणसाला ‘देवदूत’ म्हणून यादीत टाकू नका, ही चूक मी छापील पाट्यांवरही पाहिली आहे.

अक्षरांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण वेदीवर ‘आयएचएस’ असेलच, आणि समितीत त्याचे तीन इंग्रजी आणि एक लॅटिन अर्थ सांगणारे लोकही असतील. ती येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरं आहेत. बाकी अर्थ नंतर चिकटवलेले.

इथपर्यंतचं एकत्र करायचं तर क्रम असा: हात, पाय, पाठ, शेजारी, मग रंग. आणि प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न, की हे मूळचं आहे का नंतरचं. या क्रमात कागदपत्रंही घाला, जुन्या वस्तूंची नोंदवही, वेदीच्या देणगीदाराची पाटी, लग्नाच्या जुन्या फोटोंची पार्श्वभूमी. फोटोंना हसू नका. नवरा-नवरीच्या मागे पुतळ्याचा शाबूत डावा हात दिसलेला मी पाहिला आहे.

आता परवानगीचा मुद्दा, कारण इथे समित्या अडकतात. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतला ११८९ वा नियम सांगतो की प्राचीनत्वामुळे, कलेमुळे किंवा भक्तीमुळे मोलाच्या असलेल्या प्रतिमांची दुरुस्ती अधिकारी बिशपच्या लेखी परवानगीशिवाय करायची नाही, आणि परवानगी देण्याआधी त्यांनी जाणकारांचा सल्ला घ्यायचा. ‘भक्तीमुळे’ हा शब्द लक्षात ठेवा. पुतळा कलेच्या दृष्टीने सामान्य असला तरी म्हाताऱ्यांच्या मेणबत्त्या त्याला या नियमाखाली आणतात. म्हणजे प्रमुख धर्मगुरूंनी तोंडी ‘हो’ म्हटलं की झालं, असं होत नाही. मोलाचा नसलेला साधा पुतळा असेल तर एवढं लागत नाही, पण तो मोलाचा नाही हे ठरवणारे आपण नसावं, एवढंच. २०१२ साली स्पेनमधल्या बोर्हा गावी चर्चच्या भिंतीवरचं ख्रिस्ताचं चित्र एका भाविकाने प्रेमाने दुरुस्त केलं आणि ते जगभर हसण्याचा विषय झालं. हेतूबद्दल तिथे कुणालाच शंका नव्हती.

आणि म्हाताऱ्यांचं काय? हा प्रश्न तुम्ही शेवटी, जरा संकोचाने विचारलात, पण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुतळा कॅथरीनचा निघाला तर त्यांच्या प्रार्थना चुकीच्या पत्त्यावर गेल्या का? ७८७ साली निकेआ इथल्या चर्चच्या दुसऱ्या परिषदेने प्रतिमांचा वाद मिटवताना म्हटलं की प्रतिमेला दिलेला मान ज्याची ती प्रतिमा आहे त्याच्याकडे जातो. लाकूड वाटेत अडवून ठेवत नाही. त्या हिशेबाने ज्या बाईने मरियेला हाक मारली तिची हाक मरियेकडेच गेली असं मी तरी धरते. याचं शास्त्रशुद्ध उत्तर फादरांकडून घ्या, मी लाकूडवाली आहे. पाटी लावताना मात्र घाई करू नका. ‘हा पुतळा मरियामातेचा नाही’ असं लिहिण्यापेक्षा संत स्त्रीचं नाव आणि तिची गोष्ट लिहा, आणि रविवारी मिस्सेनंतर फादरांना ती सांगायला लावा. त्या आज्यांना आधी घरी जाऊन सांगितलंत तर उत्तम. मरियेचा दुसरा पुतळा आणून शेजारी ठेवायची सूचना येईल. तेव्हा सांगा की एकाच संताची एकाहून जास्त प्रतिमा सहसा नसावी असं मिस्साग्रंथाच्या सामान्य सूचनांमध्येच लिहिलं आहे, आणि मरियेचा एक पुतळा तुमच्याकडे बहुधा असेलच.

रंगाऱ्याला सध्या भिंती करू द्या. पुतळा हलवायचा असेल तर दोघांनी बुडापासून धरा, हात किंवा मुकुट धरून कधीच नाही. झाकायला जुनी सुती चादर, प्लास्टिक नको, आत ओल धरते. ओल्या फडक्याने पुसू नका: जुन्या लाकडी पुतळ्यांवर रंगाखाली खडू आणि सरसाचा लेप असतो, सरस पाण्यात विरघळतो आणि वरचा सोन्याचा वर्ख फडक्यावर येतो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, तीही रंग कुठे सुटत नसेल तरच. बारीक भोकांतून ताजी पूड पडत असेल तर लाकूडकिडा जिवंत आहे, मग बाकी सगळं थांबवून आधी त्याचा बंदोबस्त.

आणि तो डावा हात शोधा. मोडलेला हात चर्चमधून कोणी टाकून देत नाही, मन होत नाही. सॅक्रिस्टीतल्या, म्हणजे फादरांच्या तयारीच्या खोलीतल्या, कपाटाचा सगळ्यात खालचा खण, नाताळच्या गव्हाणीच्या सामानाची पेटी, घंटेच्या जिन्याखालची जागा बघा. मला एकदा मेणबत्त्यांच्या खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला सापडला होता. मिळाला तर चिकटवू नका, फोटो काढा. मुठीत पुस्तक असेल तर कॅथरीन, पेला असेल तर बार्बरा. आणि रक्तसाक्षीची खजुराची झावळी असेल, तर ती दोघींनाही चालते, आपण होतो तिथेच.